गुरुवारी नोंदणी नसते

चाकणच्या पुढे कंपन्यांचा जो पट्टा सुरू होतो, त्यातल्या एका गावात आम्ही दहा-अकरा वर्षं भाड्याने राहतो. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर काम करते, नवरा दुसऱ्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. आम्ही मूळचे धाराशिवकडचे. गावातल्या एका जुन्या शेतकरी घराने रस्त्याकडेच्या वावरात पत्र्याच्या खोल्यांची रांग बांधली आहे, तिच्यातली एक खोली आमची. शेजारच्या खोलीत परभणीकडची एक बाई राहायची. माझ्याच कंपनीत, माझ्याच टेबलावर, पण ठेकेदाराकडून लागलेली. घरी दोघींची भाजी एकाच कढईत व्हायची, इतकं आमचं जवळचं होतं.

खोल्यांच्या मागून गटार जातं. बसथांब्याकडे जायचं तर ते ओलांडावं लागतं. त्याच्यावरची फरशी एका पावसाळ्यात फुटली आणि तशीच राहिली. दिवा नाहीच. थंडीच्या दिवसांत कंपनीची बस येते तेव्हा अजून उजाडलेलं नसतं. अशाच एका सकाळी डबा सांभाळत ती माझ्या पुढे चालली होती. मागून मला फक्त डबा आपटल्याचा आवाज आला, मग तिची किंकाळी. मोबाईलचा उजेड टाकला तर ती कमरेपर्यंत गटारात, एक पाय खाली भलत्याच दिशेला वळलेला. मी आणि बसच्या ड्रायव्हरने मिळून तिला वर काढलं. पायात सळई घालावी लागली. ठेकेदाराने आठवड्याभरात तिच्या जागी दुसरी बाई आणली. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, अपघात कंपनीत झाला का? नाही ना? मग?"

त्या गुरुवारी आम्ही पाच-सहा बायका ग्रामपंचायतीच्या सदस्याकडे गेलो. सदस्य म्हणजे आमच्या घरमालकिणीचा पुतण्या. नव्या बंगल्याच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. आम्ही म्हटलं, फरशी टाका आणि एक दिवा लावा. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग हसून विचारलं, "ताई, मतदान कुठं हाय तुमचं?"

मी म्हटलं, "सासरी. धाराशिवला."

"मंग दिवा बी तिकडंच मागायचा की." आणि बाजूला बसलेल्या माणसाकडे बघून म्हणाला, "उद्या म्हणतील पाळणाघर द्या."

बाजूचा माणूस हसला. बायका उठल्या. मीही उठले. शेजारीण दवाखान्यात पाय टांगून पडली होती आणि हा माणूस आम्हाला गाव विचारत होता. या गावाच्या घंटागाडीत आमचा कचरा जातो, या गावच्या दुकानात आमचा पगार जातो, याच्या चुलतीच्या हातात दर महिन्याला आमचं भाडं पडतं. पण फरशी मागायची तर तीनशे किलोमीटरवर जाऊन मागा.

मी त्याच दिवशी ठरवलं, नाव इथल्या यादीत आणायचं. नवरा म्हणाला, "कशाला नादाला लागतेस? मतदान करून कुणाचं भलं झालंय?" मी म्हटलं, "माझं भलं राहू दे. मला त्याच्या ओट्यावर परत जायचंय."

सगळ्यात आधी राहत्या पत्त्याचा पुरावा पाहिजे होता. मी घरमालकीणबाईंकडे भाडेकरार मागितला. त्या शेंगा निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कशाला पायजे?"

"मतदार यादीत नाव घालायचंय."

शेंगा निवडायचा हात थांबला. "बाये, मी तुला खोली दिली. गाव न्हाई दिलं."

मी म्हटलं, "आज्जी, दहा वर्षं राहतोय आम्ही."

"आमी किती पिढ्या राहतोय? तुमच्या कंपनीखाली माझं बारा एकर हाय. आता तुमी सगळी मिळून मतं टाकणार, आन् आमच्याच गावात आमाला इचारणार कोन न्हाई. करार न्हाई मिळायचा. पटत नसंल तर खोली खाली कर."

त्यांच्या बोलण्यात दुःख होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. जमीन गेलेल्या माणसाचा राग मी ओळखते. पण त्यांची जमीन मी घेतली नव्हती. जमीन घेणाऱ्यांना त्या काही बोलू शकत नव्हत्या, म्हणून मला बोलत होत्या. माझाही राग मग त्यांच्यावरच निघाला. "खाली करणार नाही आणि नावही घालणार," एवढं म्हणून मी आले.

गावच्या शाळेच्या फाटकावर कागद लागला होता: मतदार नोंदणीची विशेष मोहीम, शनिवार आणि रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. मी तो कागद दोनदा वाचला. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. हे इथल्या भाजीवाल्याला ठाऊक आहे, तो गुरुवारी दुप्पट माल आणतो. न्हाव्याला ठाऊक आहे. लग्न जमवणाऱ्यांना ठाऊक आहे, ते मुलगी बघायचा कार्यक्रम गुरुवारी ठेवतात. शनिवार-रविवारी आम्ही सगळे मशीनवर असतो. कुणाची नावं नोंदवायची राहिलीत तर आमची, आणि मोहीम ठेवली कधी तर आम्ही नसू तेव्हा.

रविवारी मी सुपरवायझरच्या हातापाया पडून तासभर लवकर सुटले. कंपनीची बस त्या वेळी नसते. एका टेम्पोवाल्याला हात केला आणि त्याच्या शेजारी बसून शाळेवर पोहोचले. वर्गात एक बाई सतरंजी गुंडाळत होत्या. गावच्या अंगणवाडीच्या सेविका. मतदार यादीचं काम त्यांच्याकडेच दिलेलं, बीएलओ म्हणून.

"पाच वाजायचेत अजून," मी म्हटलं.

"फॉर्म संपले. आणि मला घरी म्हैस आहे, सासू अंथरुणाला आहे." त्या चिडून बोलल्या नाहीत, दमून बोलल्या.

"मग गुरुवारी बसा ना. गुरुवारी सगळं गाव घरी असतं."

"मी कुठं ठरवते? तारखा वरून येतात."

"वरून म्हणजे कुठून?"

त्यांनी सतरंजी काखेत घेतली. "तालुक्याला विचारा."

पुढच्या गुरुवारी मी तालुक्याला गेले. निवडणूक शाखेत एक कारकून होते. मी विचारलं, मोहिमेचे वार कोण ठरवतं? ते म्हणाले, जिल्ह्याहून पत्र येतं. जिल्ह्याला कोण सांगतं? राज्याहून येतं. राज्याला? त्यांनी पंख्याकडे बोट केलं, म्हणजे आणखी वर. मी म्हटलं, "वर बसलेल्यांना माहीत नसेल, पण तुम्हाला तर माहीत आहे ना की चाकणला सुट्टी गुरुवारी असते?"

"माहीत आहे की. माझा मेव्हणाच तिकडे कंपनीत आहे."

"त्याचं नाव आहे यादीत?"

समोरची फाईल ओढत ते म्हणाले, "ऑनलाईन भरा ना. आता सगळं ऑनलाईन आहे."

भरला. जेवणाच्या सुट्टीत, कँटीनमध्ये, फोनवर. तीनदा अडकला, चौथ्यांदा गेला. करार नव्हता म्हणून गॅसचं पुस्तक जोडलं. त्यात लिहिलं होतं की बीएलओ घरी येऊन पडताळणी करतील. मी खूश झाले. त्या सेविका चार गल्ल्या पलीकडे राहतात, येतील संध्याकाळी.

त्या आल्या सकाळी अकराला. मी कंपनीत, नवरा कंपनीत, पोरगं शाळेत. घरमालकीणबाई अंगणातच होत्या. सेविकांनी विचारलं, या इथं राहतात का? मालकीणबाई म्हणाल्या, "भाडेकरू येतात आन् जातात, मला काय ठावं?" सेविकांनी लिहिलं: घर बंद, खात्री होत नाही.

हे मला कसं कळलं? आधी मला नोटीस आली, बाकीचं मग सेविकांनीच सांगितलं. नोटिशीत होतं: आपल्या अर्जाबाबत सुनावणी आहे, अमुक मंगळवारी, अकरा वाजता, तालुक्याच्या कचेरीत, पुराव्यांसह हजर राहावे. न राहिल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल. मंगळवार, म्हणजे परत कामाचाच दिवस. मी हाका मारत रांगेतल्या खोल्यांवरून गेले. आमच्याबरोबर सात-आठ जणींनी अर्ज भरले होते. सगळ्यांना तोच मंगळवार. सगळ्यांची घरं बंद.

रजा मागायला गेले तर सुपरवायझर म्हणाला, "तुमचं आता राजकारण चालू झालं का?" मी म्हटलं, "नाही, माझी सुनावणी आहे. मी गुन्हा केलाय. दिवसा घरी नसते."

मंगळवारी आम्ही सगळ्या गेलो. शेजारीणही आली. तिचा अर्ज मीच भरला होता. एका काखेत कुबडी, दुसऱ्या बाजूला मी. कचेरीचा जिना चढताना ती मध्येच थांबून म्हणाली, "माय, एवढं कामून करायलीस? मला तर आता गावीच जायचंय."

"जायचं तेव्हा जा," मी म्हटलं. "आज चढ."

वर बाकं भरलेली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, बारा वाजले. मग एक शिपाई येऊन म्हणाला, "साहेबांना अचानक व्हीसी लागली, जिल्ह्याची व्हिडिओ मीटिंग. आजची सुनावणी रद्द. पुढची तारीख कळवतील."

बाकांवरची माणसं उठायला लागली. एक म्हातारा टोपी घालून गुपचूप जिन्याकडे निघालासुद्धा. ते बघून माझं डोकं फिरलं. इतक्या मुकाट्याने माणसं कशी उठतात? मी मोठ्याने म्हटलं, "कुणी जाऊ नका. बसा." आवाज माझा आहे हे मलाच पटेना. म्हातारा थांबला. मी साहेबांच्या दाराशी गेले. शिपाई आडवा आला. मी म्हटलं, "दादा, बाजूला व्हा. मी तुम्हाला काही बोलत नाही. मला त्यांच्याशी बोलायचंय."

दार आतूनच उघडलं. नायब तहसीलदार, चाळिशीचे असतील. कानातलं यंत्र काढत म्हणाले, "काय आरडाओरडा आहे?"

मी शेजारणीला पुढे केलं. "हिचा पाय बघा. ही तुमचा जिना चढून आली. आता तुम्ही म्हणता तारीख कळवू. आमची एकेक रजा गेली. अर्ज भरायला शनिवार-रविवार, पडताळणी दिवसा अकराला, सुनावणी मंगळवारी. आम्ही कधी असतो घरी, साहेब? गुरुवारी. तुमच्या एवढ्या सगळ्या कार्यक्रमात गुरुवार कुठंय?"

ते म्हणाले, "ताई, कार्यक्रम आयोग ठरवतो. मी फक्त राबवतो."

"मग राबवताना खिडकीतून बघा ना. समोरून कंपन्यांच्या बसेस जातात. आयोगाला दिसत नसतील, तुम्हाला दिसतात."

मागून त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याचा आवाज आला, "बराबर बोलतीया बाई." मग सगळेच बोलायला लागले. कुणाच्या सुनेचं नाव दोनदा अर्ज करून आलं नव्हतं, कुणाच्या मुलाचा फोटो दुसऱ्याच नावावर लागला होता. साहेबांनी भरलेल्या बाकांकडे बघितलं. मग खुर्चीत बसले आणि शिपायाला म्हणाले, "एकेकाला पाठव." व्हीसीचं काय झालं कोण जाणे. अडीचपर्यंत त्यांनी सगळ्यांचं ऐकलं आणि आमच्या घरांची पडताळणी परत करायला लिहून दिलं. शेवटी मला म्हणाले, "मोहिमेच्या तारखा मी बदलू शकत नाही. पण जादा शिबिर लावता येतं. तसा लेखी अर्ज द्या."

"हे आधी कुणी का नाही सांगितलं?"

"आधी कुणी विचारलं नाही."

मी विचारलं होतं. त्यांच्याच कचेरीत, खालच्या मजल्यावर, त्यांच्याच कारकुनाला. पण तेव्हा मी नुसतंच विचारलं होतं, ओरडले नव्हते. तो राग अजून माझ्या पोटात आहे. नीट बोललं तर पंख्याकडे बोट, आणि गळा काढला तर खुर्ची.

शिबिर लागलं. गुरुवारी, त्याच शाळेत. फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग. विदर्भातले, खानदेशातले, लातूर-नांदेडचे, एक कोकणातलं कुटुंब तर आजीसकट. सेविका एकट्या. मी आणि आणखी दोघी त्यांच्या मदतीला बसलो, फोटो चिकटवायला, पत्ते लिहायला. दुपारी जेवायच्या आत फॉर्म संपले. सेविकांनी हात वर केले, "आता पुढच्या वेळी."

कुणी हललं नाही. मला सांगावंही लागलं नाही. बायका व्हरांड्यात मांडी घालून बसल्या, पुरुष भिंतीला टेकले. सेविकांनी तालुक्याला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. पलीकडून तोच कारकून म्हणाला, "इतके कशाला लागले?" सेविका, ज्यांना मी कधी आवाज चढवताना बघितलं नव्हतं, त्या ओरडल्या, "कारण इतकी माणसं हायती! यायचं का तुमाला बघायला?" चार वाजता मोटारसायकलवरून गठ्ठा आला. तोवर सगळे तिथेच होते.

पडताळणीही सेविकांनी त्याच संध्याकाळी केली. आमच्या खोलीपाशी आल्या तेव्हा घरमालकीणबाई दारात होत्या. सेविकांनी त्यांना काही विचारलंच नाही. सरळ माझ्या घरात आल्या, चूल-भांडी, पोराचं दप्तर बघितलं आणि लिहिलं: राहतात. मालकीणबाई तोंड फिरवून आत गेल्या. पुढचे कितीतरी महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

कार्ड आलं. इथला पत्ता असलेलं. मी ते नवऱ्यासमोर धरलं, त्याने घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं. दुसऱ्या महिन्यात त्यानेही अर्ज केला.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सदस्याच्या जागी यंदा त्याची बायको उभी होती. प्रचाराच्या गाड्या गावभर फिरल्या, पण आमच्या रांगेत एकही आली नाही. मला नवल वाटलं. आमची एवढी नावं चढली, हे त्याला नक्की कळलं असणार. मतदानाचा दिवस रविवार, म्हणजे आम्हाला कामाचा. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली, चांगली साडी नेसले आणि शाळेत गेले. त्याच वर्गात.

मतदान अधिकाऱ्याने यादीवर बोट फिरवलं. परत फिरवलं. "नाव नाही."

मी कार्ड पुढे केलं. "हे बघा, याच गावचं आहे."

"कार्ड बरोबर आहे ताई. पण ही यादी जुन्या तारखेची आहे. या निवडणुकीला अमुक दिवसापर्यंतची नावं धरलीत. तुमचं त्याच्यानंतर चढलंय."

"किती नंतर?"

त्यांनी कागद बघितला. खरंच वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "फार नाही."

मी शनिवार-रविवारच्या मोहिमेत अर्ज देऊ शकले असते तर माझं नाव त्या तारखेआधी असतं. पडताळणी कामाच्या दिवशी अकराला न होता गुरुवारी झाली असती तरी असतं. हे तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात लख्ख झालं. आणि आमच्या रांगेत गाड्या का आल्या नाहीत, तेही. त्या सदस्याला ती तारीख ठाऊक होती. आम्हाला कुणी सांगितली नव्हती. मागे माझ्यासारख्या आणखी बायका उभ्या होत्या, हातात नवीकोरी कार्डं घेऊन. मी म्हटलं, "साहेब, मी कुठल्या यादीत आहे मग? सासरी नाव कमी झालं. इथं उशिरा आलं. आज या देशात मी कुठं मत देऊ?" पोलिंग एजंट म्हणून बसलेला एक पोरगा फिसकन हसला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. अधिकारी म्हणाले, "विधानसभेला द्याल ना." मी बाहेर आले. शाळेच्या मैदानात बाकी कुणी नसतं तर मी रडले असते. होते म्हणून नाही रडले.

सदस्याची बायको निवडून आली.

पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती, माझ्याही नव्हती. ती सेविकांनी सांगितली. ग्रामसभेत बोलायला निवडणुकीची ती जुन्या तारखेची यादी लागत नाही, आजच्या मतदार यादीत नाव असलं की पुरतं. आणि प्रजासत्ताक दिनाला कंपनीला सुट्टी असते. त्या सकाळी झेंडावंदन झाल्यावर आम्ही तीसेक जणी समाजमंदिरात जाऊन पुढे बसलो. ग्रामसेवकाने चष्म्यावरून बघितलं. "आपण इथल्या का?" सगळ्यांनी एकदम कार्डं वर केली.

मी उभी राहून गटाराचं बोलले. शेजारणीचं नाव घेऊन, पाय कसा मोडला, नोकरी कशी गेली, आणि ओट्यावर आम्हाला काय ऐकवलं गेलं, सगळं. सदस्याच्या बायकोने नवऱ्याकडे बघितलं. तो मागे उभा होता, तो म्हणाला, "ताई, असं आमी कवा बोललो?" माझ्याबरोबर त्या दिवशी असलेल्या बायका एकदम ओरडल्या, "बोललात!" मी ग्रामसेवकाला म्हटलं, "इतिवृत्तात लिहा. मला लिहिताना दिसलं पाहिजे." त्याने लिहिलं. मी वाकून वाचलं. "संबंधित जागेची पाहणी करणे" असं त्याने घातलं होतं. मी म्हटलं, "पाहणी खोडा. फरशी लिहा. आणि दिवा." त्याने खोडलं.

फरशी होळीच्या सुमारास पडली. दिवा त्याच्यानंतर. त्याची मला कृतज्ञता वाटत नाही. एका गटारावर एक दगड टाकायला माणसांना एवढं करावं लागत असेल तर तिथे आभार कसले मानायचे?

शेजारीण तोवर परभणीला गेली होती. पायाचं पुढचं दुखणं, हाताला काम नाही, इथलं भाडं कोण भरणार? दिवा लागला त्या आठवड्यात मी तिला फोन केला. ती ऐकून हसली, "बरं झालं माय." मग दिव्याचं सोडून माझ्या पोराचंच विचारत बसली.

"काय झालं?"

"काही नाही गं. आपण तिथं अर्ज केला नव्हता का, त्यानं इथलं नाव कापलं. आता इथं घरकुलाच्या सभेला गेले तर म्हणतेत, तू इथली नाहीस, चाकणची आहेस."

"मग परत अर्ज भर. शिबिर असेल."

"झालं म्हणे. मागच्या शनिवारी. मी सळई काढायला दवाखान्यात होते."

मी फोन कानाला लावून खोलीच्या दारात उभी होते. तिकडून तिच्या घरातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "तालुका कोणता तुझा? सांग. येत्या गुरुवारी मी येते."